हिरवं मुद्दल : नर्सरीत पडून राहिलेल्या ज्युनिपरचं बोन्साय

नर्सरीच्या मागच्या बाजूला, कुणीच न घेतल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेलं ज्युनिपर स्वस्तात मिळालं, तर त्याचं बोन्साय करता येतं का? की बोन्साय करायचं म्हणजे कोवळ्या रोपापासूनच सुरुवात करावी लागते? बागकामाची आवड असलेल्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. उत्तर असं, की करता येतं आणि टवटवीत नव्या रोपापेक्षा असं झाड बहुधा जास्त उपयोगी पडतं. बोन्सायमध्ये सगळ्यात उशिरा मिळणारी गोष्ट म्हणजे जाड, वळणदार बुंधा. उथळ कुंडीत बुंधा फार सावकाश जाड होतो. पडून राहिलेल्या झाडानं ती वर्षं आधीच काढलेली असतात.

अडचण वेगळीच आहे. आपला हात वड, चिंच, बोगनवेल अशा झाडांवर बसलेला असतो. त्याच सवयीनं ज्युनिपरला कात्री लावली, की तासाभरात झाड छान दिसू लागतं आणि दोनतीन महिन्यांत वाळतं. म्हणून आधी हे झाड आतून कसं चालतं ते पाहू. त्यानंतर छाटणी, तार आणि कुंडी.

१. छाटलं की फुटतं, हा नियम इथे चालत नाही

वडाची मनगटाएवढी फांदी मध्येच कापा. काही आठवड्यांत त्या बोडक्या लाकडातून नवे धुमारे फुटतात. चिंच आणि बोगनवेल हेच करतात. त्यांच्या जुन्या सालीखाली सुप्त डोळे जिवंत असतात आणि वरचा शेंडा गेला की ते जागे होतात. त्यामुळे या झाडांवर चुकीचा काप बसला तरी पुढच्या हंगामात तो भरून काढता येतो.

ज्युनिपर हे पाइन, देवदार यांच्यासारखं सूचिपर्णी झाड. त्याची वाढीची केंद्रं हिरव्या भागात किंवा त्याच्या अगदी जवळ असतात. फांदीचा जो भाग पूर्ण बोडका झाला, तिथून पुन्हा पालवी येण्याची आशा जवळजवळ नसते. हिरवा शेंडा कापून फक्त बोडकी काडी ठेवली, तर ती काडी वाळते. यू या सूचिपर्णी वृक्षासारखे काही अपवाद आहेत, पण ज्युनिपर आणि बहुतेक पाइन त्यात येत नाहीत.

दुसरा फरक अन्नसाठ्याचा. पानगळीचं झाड पानं टाकण्याआधी आपला साठा फांद्या, खोड आणि मुळांत भरून ठेवतं. सदाहरित सूचिपर्णी झाडाचा बराचसा साठा पानांतच असतो. पानं काढली की अन्न तयार करणारी जागा जाते आणि साठवलेलं अन्नही त्याबरोबर जातं. पानांकडून पुरवठा आटला की मुळं उपाशी पडतात.

म्हणून ज्युनिपरचं हिरवं हे त्याचं मुद्दल समजा. त्यावरचं व्याज, म्हणजे दर हंगामात येणारी नवी वाढ, आपण खुशाल खर्च करू शकतो. मुद्दलाला हात लावायचा तर मोजून, आणि पुन्हा साठायला वेळ देऊन. या प्रकरणातला प्रत्येक नियम या एका गोष्टीतून निघतो.

२. नर्सरीत काय पाहायचं?

आधी झाड कोणतं ते नक्की करा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ज्युनिपरबरोबर दिसायला जवळची आणखी तीन झाडं असतात. मोरपंखी सूचिपर्णीच आहे, पण तिची पालवी उभ्या, चपट्या पंख्यांसारखी वाढते. त्यामुळे तिच्या फांद्यांना आडवे थर देणं जिकिरीचं होतं. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकलं जाणारं अरौकारिया एकाच सरळ शेंड्यावर वाढतं आणि फांद्यांची वर्तुळं लांब लांब अंतरावर काढतं. लहान आकारात ते बसत नाही. सुरूची हिरवी काडी सुईसारखी दिसते, पण सुरू सूचिपर्णी नाही. तो फुलणाऱ्या झाडांपैकी आहे, छाटणीनंतर चांगला फुटतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

ज्युनिपर मिळालं की चार गोष्टी तपासा.

पहिली, आतलं हिरवं. फांद्या हातानं बाजूला करून खोडाजवळ पाहा. दाटीत पडून राहिलेल्या झाडाला आत ऊन मिळत नाही. त्यामुळे आतली पालवी वाळते आणि हिरवं फक्त टोकांना उरतं. खोडापासून चारपाच सेंटिमीटरवर बारीकसारीक का होईना, जिवंत कोंब असतील तर ते झाड घ्या. फांद्या आतून पूर्ण बोडक्या आणि टोकाला झुपका, अशी स्थिती असेल तर नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी, बुंधा. खालची आठदहा बोटं जाड, वर निमुळती होत जाणारी आणि शक्यतो वळलेली हवीत. बाजूला कलंडलेलं, कधीकाळी पिशवीतच आडवं पडून पुन्हा वर उठलेलं झाड बागेसाठी बिनकामाचं असतं. बोन्सायसाठी तेच सोनं.

तिसरी, बुंध्याचा पाया. वरची माती बोटानं थोडी उकरून पाहा. नर्सरीत झाड एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाताना बऱ्याचदा खोल पुरलं जातं. त्यामुळे खोडाचा सगळ्यात जाड भाग आणि तिथून पसरणारी मुळं मातीखाली दडलेली असतात. या पसरट मुळांना जपानी कलाकार नेबारी म्हणतात. झाड वयस्कर वाटतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

चौथी, खालच्या फांद्या. वर कितीही हिरवं असलं तरी खाली दोनतीन जिवंत फांद्या नसतील, तर झाड लहान करताच येत नाही. तिथे नवी फांदी फुटणार नाही, हे आपण पाहिलंच.

३. आधी तब्येत, मग रूप

झाड घरी आणल्यावर लगेच कात्री हातात घेऊ नका. ज्युनिपरचा रंग फसवा असतो. मुळं मेल्यावरही त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवी राहते. भेट म्हणून मिळालेलं ज्युनिपर दिवाणखान्यात महिनाभर ‘छान’ असतं आणि मग अचानक तपकिरी होतं. ते अचानक मेलेलं नसतं, आपल्याला उशिरा कळलेलं असतं. ज्युनिपरला उघड्यावरचं ऊन आणि वारा लागतोच. घरात ते टिकत नाही.

तब्येतीची खूण रंगात नसते, वाढीत असते. फांद्यांच्या टोकांना फिकट, पोपटी नवी वाढ दिसत असेल तर मुळं काम करताहेत. ती दिसेपर्यंत झाड सकाळच्या उन्हात ठेवा, माती थोडी सुकल्यावर भरपूर पाणी द्या आणि वाट पाहा. एक हंगाम गेला तरी चालेल.

याच काळात लाल कोळी ही कीड आहे का ते तपासा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले आणि बोटानं चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर कोळी आहे. कोरड्या, गरम हवेत, म्हणजे आपल्याकडे मार्चपासून पुढे, तो फार वाढतो आणि पालवी धुरकट, राखाडी दिसू लागते. पाण्याची जोरदार फवार पालवीच्या खालूनवरून मारणं हा पहिला उपाय. ती काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा मारावी लागते, कारण अंड्यांतून नवी पिढी येतच राहते.

४. झाडातलं झाड शोधणं

झाड जोमात आलं की पहिलं काम सफाईचं. वाळलेल्या काड्या आणि फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेला कचरा काढा. खोडाची सुटलेली साल मऊ ब्रशनं घासा. खालची माती नेबारी दिसेपर्यंत हटवा. अजून एकही जिवंत फांदी कापायची नाही.

आता कुंडी डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि सावकाश फिरवा. चार प्रश्न विचारा. बुंधा कुठून सगळ्यात रुंद दिसतो? खोडाचं वळण कुठून स्पष्ट दिसतं? कोणत्या बाजूनं खोड पाहणाऱ्याकडे किंचित झुकतं? मोठा व्रण किंवा अवघडलेली फांदी कुठून लपते? या उत्तरांचा मेळ जिथे बसतो, ती झाडाची दर्शनी बाजू. कुंडी तिरपी करूनही पाहा. पुढे कुंडी बदलताना झाड त्याच कोनात लावता येतं, आणि पंधरावीस अंशांच्या तिरपेपणानं सरळसोट खोडही बदलून जातं.

उंचीसाठी एक ढोबळ गणित आहे. बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट उंची ठेवली, तर लहान झाडही दणकट आणि जुनं वाटतं. समजा बुंधा ४ सेंटिमीटर जाड आहे आणि झाड ६० सेंटिमीटर उंच. चार गुणिले सहा म्हणजे २४ सेंटिमीटर. खालून साधारण एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे ८ सेंटिमीटरच्या आसपास, पहिली मुख्य फांदी हवी. आणि २४ सेंटिमीटरच्या जरा खाली एक अशी फांदी हवी, जी तारेनं उभी करून नवा शेंडा बनवता येईल. हे आकडे कायदा नाहीत. पण ते हाताशी असले की वरचं किती झाड तात्पुरतं आहे ते कळतं.

खोड बारीक आणि सरळसोट निघालं तर? तरीही झाड वाया जात नाही. अशी पाचसात झाडं एकत्र लावून वनराई करता येते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बोन्सायपैकी एक, ‘गोशिन’, हे असंच आहे. जपानी वंशाचे अमेरिकी कलाकार जॉन नाका (१९१४–२००४) यांनी चिनी ज्युनिपरच्या ‘फोमिना’ या जातीच्या झाडांवर १९४८ मध्ये काम सुरू केलं. पुढे त्यांची संख्या वाढत ११ झाली, एका नातवंडामागे एक झाड. १९८४ मध्ये त्यांनी ती वनराई देऊन टाकली आणि आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या बोन्साय संग्रहालयात आहे. त्यातलं प्रत्येक झाड सरळ खोडाचं आहे. दृश्य उभं राहतं ते त्यांच्या कमीजास्त उंचीमुळे आणि एकमेकांमधल्या अंतरांमुळे.

५. किती कापायचं? एक हिशोब

आपलं ६० सेंटिमीटरचं झाड पुन्हा घेऊ. त्याचं एकूण हिरवं १०० धरा. पडून राहिलेल्या झाडाचं बहुतेक हिरवं वर असतं, म्हणून समजा २४ सेंटिमीटरच्या वर ५५ आहे आणि खाली ४५. खालच्या भागातल्या नको असलेल्या फांद्यांवर १५ आहे. सगळं मनासारखं एकाच दिवशी केलं, तर वरचे ५५ आणि खालचे १५ जाऊन हाती ३० उरतात. सत्तर टक्के मुद्दल एका दुपारी गेलं. नर्सरीतून आणलेली पुष्कळ ज्युनिपर इथेच मरतात.

आता तेच काम दोन हप्त्यांत करू. पहिल्या वर्षी खालचे १५ आणि वरचे २५ काढा. एकूण ४० गेले, ६० उरले. वरचा भाग विरळ झाल्यामुळे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. वर्षभरात खालचे ३० वाढून समजा ५० होतात. दुसऱ्या वर्षी वरचे उरलेले ३० काढले, तरी झाडाकडे ५० शिल्लक राहतात आणि तेही योग्य जागी. निरोगी झाडावरून एका वेळी निम्म्याहून जास्त हिरवं काढू नये. नवख्यानं एकतृतीयांशावर थांबावं.

वरचा भाग नुसता आखूड न करता विरळ का करायचा, याचं कारण संप्रेरकांत आहे. वाढत्या शेंड्यांत ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होऊन खाली वाहतं. ते खालच्या कोंबांना दबवून ठेवतं आणि मुळांच्या वाढीला चालना देतं. वरचा शेंडा जोरात ठेवला तर खालचे कमजोर कोंब तसेच राहतात. सगळे शेंडे एकदम उडवले तर मुळांकडे जाणारा संदेश तुटतो. म्हणून वर विरळणी करायची, खाली हात आवरता घ्यायचा.

कोणती फांदी काढायची? खोडाच्या वळणाच्या आतल्या बाजूनं निघालेली. एकाच उंचीवर समोरासमोर निघालेल्या दोन फांद्यांपैकी एक. दुसरीवरून आडवी जाणारी. आणि खालच्यापेक्षा जाड झालेली वरची फांदी. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या फांद्या ठेवायच्या. ठेवलेल्या फांद्यांवरही खाली लोंबणारी आणि बेचक्यात दाटलेली पालवी काढायची. आतले बारीक, अशक्त कोंब मात्र जपायचे. पुढच्या वर्षी फांदी आखूड करायला तेच कामाला येतात.

एक सवय टाळा, पालवीची सगळी टोकं चिमटीनं खुडण्याची. खुडल्यावर झाड गोलसर, नीटनेटकं दिसतं, पण सगळे वाढते शेंडे एकदम गेल्यामुळे ते हळूहळू खंगतं. लांब पळालेले कोंबच तेवढे बारीक कात्रीनं, आतल्या छोट्या कोंबापर्यंत कापा. फार जोरात छाटलेलं ज्युनिपर कधीकधी खवल्यांसारखी मऊ पानं सोडून बोचरी, सुयांसारखी पानं काढू लागतं. ती बाल्यावस्थेतली पानं असतात. झाडावर ताण आल्याची ही खूण आहे. ती दिसली की कात्री बाजूला ठेवा.

६. मेलेलं लाकूड कशासाठी ठेवायचं?

जपानमधली नावाजलेली ज्युनिपर मुळात डोंगरकड्यांवरून आणलेली आहेत. शिकोकू बेटावरचा इशिझुची पर्वत आणि निइगाता प्रांतातला इतोइगावा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडतात, वरून दगड कोसळून साल सोलली जाते, वाऱ्यानं एक बाजू वाळते. झाडाचा काही भाग मरतो, उरलेला जगतो. ज्युनिपरचं लाकूड सुगंधी तैलद्रव्यांमुळे सहजी कुजत नाही, म्हणून मेलेला भाग पांढरा पडून तसाच उभा राहतो. वाळलेल्या फांदीच्या अशा सुळक्याला जिन म्हणतात आणि खोडावरच्या साल गेलेल्या पट्ट्याला शारी. या कामाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी उंची दिली ती टोकियोजवळच्या ओमिया इथल्या मासाहिको किमुरा (जन्म १९४०) यांनी. विजेवर चालणारी कोरीव अवजारं वापरून त्यांनी जुन्या ज्युनिपरांची रूपं पार बदलून टाकली.

आपल्या झाडावर याचा साधा उपयोग असा, की काढायची फांदी बुंध्याशी सपाट न कापता दोनतीन सेंटिमीटर ठेवायची. बुडाशी साल गोल चिरा, पुढची साल पकडीनं दाबून सोला आणि उघड्या लाकडाचे तंतू पकडीनं धरून ओढा. चाकूनं तासलेलं टोक पेन्सिलीसारखं दिसतं. तंतू ओढून फाडलेलं टोक मोडलेल्या फांदीसारखं दिसतं.

शारी करण्याआधी ज्युनिपरच्या खोडाची एक गोष्ट समजून घ्या. त्यातलं पाणी सगळीकडे सारखं मिसळत नाही. एखादं मूळ मुख्यतः आपल्या रेषेतल्या फांद्यांनाच पाणी देतं. साल घासल्यावर खोडावर जिवंत शिरा थोड्या फुगीर दिसतात. मुळापासून फांदीपर्यंत जाणारी शीर मध्येच तोडली, तर ती फांदी जाते. त्यामुळे शारी नेहमी वाळलेल्या फांदीच्या खालून, शिरेच्या दिशेनं आणि अगदी अरुंद सुरू करायची. रुंद करायला पुढची वर्षं आहेत.

लाकूड पूर्ण सुकल्यावर, काही महिन्यांनी, त्याला चुना-गंधकाचं द्रावण लावतात. फळबागांत बुरशी आणि किडींवर पूर्वापार वापरलं जाणारं हे औषध लावताना पिवळं-नारिंगी असतं. उन्हात सुकल्यावर ते पांढरट होतं आणि लाकडाचं बुरशीपासून रक्षण करतं. लाकूड आधी पाण्यानं ओलसर करा, माती प्लास्टिकनं झाका आणि द्रावण जिवंत सालीला लागू देऊ नका. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, म्हणून काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. त्यात कोणतंही आम्ल मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो.

७. तार कसं काम करते?

कोवळ्या ज्युनिपरच्या फांद्या वर उसळतात. बर्फाचं आणि स्वतःचं ओझं वाहिलेल्या जुन्या झाडाच्या फांद्या आडव्या किंवा खाली झुकलेल्या असतात. म्हणून फांदी नुसती खाली आणली तरी झाडाचं वय वाढल्यासारखं वाटतं.

तारेची जाडी फांदीच्या साधारण एकतृतीयांश. फांदी ९ मिलिमीटर असेल तर तार ३ मिलिमीटर. लांबी फांदीच्या दीडपट घ्या. नवख्यानं अ‍ॅल्युमिनियमची तार वापरावी. ती मऊ असते आणि चूक सुधारता येते. तापवून मऊ केलेली तांब्याची तार वाकवताना कडक होत जाते, त्यामुळे कमी जाडीतही जास्त ताकद देते. अनुभवी मंडळी सूचिपर्णी झाडांना तीच पसंत करतात. एका तारेनं जवळजवळच्या दोन फांद्या बांधायच्या, म्हणजे एकीचा आधार दुसरीला मिळतो. वेढे ४५ अंशांत, फांदीला टेकलेले पण न आवळणारे हवेत. ज्या दिशेला फांदी पिळायची त्याच दिशेनं वेढे घ्यायचे. जाड फांदी जोरात वाकवायची असेल तर आधी ओला रॅफिया (पामच्या पानांचा चिवट धागा) किंवा कापडी पट्टी घट्ट गुंडाळा आणि दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून सावकाश वाकवा.

फांदी वाकली तरी लगेच तशी राहत नाही. सूचिपर्णी झाड वाकलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला जास्त दाट लाकूड तयार करतं, आणि ते फांदीला पुन्हा वर ढकलतं. तार या ढकलण्याला अडवून धरते. दरम्यान नव्या स्थितीत लाकडाचे नवे थर बसतात आणि फांदी तिथेच स्थिरावते. याला काही महिने लागतात, जाड फांदीला वर्षाहून जास्त. वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला तार पाहा. ती सालीत रुतू लागली की तुकडे करून काढा. उलगडायला गेलं की फांदी मोडते. फांदी परत उसळली तर पुन्हा तार लावायची.

हे काम आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत करणं बरं. जोरदार वाढीच्या दिवसांत साल लाकडावरून सैल सुटते. जिन करायला ते सोयीचं, वाकवायला धोक्याचं. काम झाल्यावर झाड दोनतीन आठवडे उजेडाच्या सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. पालवीवर पाणी शिंपडत राहा. नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नका.

८. उथळ कुंडी जास्त ओली का राहते?

आकार दिलेलं झाड लगेच देखण्या उथळ कुंडीत लावावंसं वाटतं. तो मोह टाळा. पानं कमी केली त्याच हंगामात मुळं कमी केली, तर झाडाला सावरायला काहीच उरत नाही. एका वर्षी एकच मोठं काम. मात्र नर्सरीच्या चिकट लाल मातीचा गोळा पाणीच जिरू देत नसेल, तर क्रम उलटा करा. आधी मुळं, आणि छाटणी पुढच्या वर्षी.

कुंडी बदलण्याआधी पाण्याचा एक नियम स्वयंपाकघरात पाहून घ्या. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. टपकणं थांबल्यावर तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. कुठल्याही सच्छिद्र पदार्थात तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो, आणि त्याची उंची पदार्थावर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. समजा आपल्या मातीत हा थर ३ सेंटिमीटरचा आहे. २५ सेंटिमीटर खोल पिशवीत तो १२ टक्के जागा व्यापतो. ५ सेंटिमीटर खोल कुंडीत ६० टक्के. तीच माती, तेच पाणी, पण उथळ कुंडीत अर्ध्याहून जास्त मुळं चिखलात.

यावर उपाय दाण्यांचा. दाणे मोठे असले की अडणारा थर कमी होतो. जपानमध्ये अकादामा ही दाणेदार, तांबूस रंगाची माती वापरतात. आपल्याकडे विटांचे तुकडे आणि भरड वाळू चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे घ्या, त्यात थोडं कुजलेलं पानखत मिसळा. चाळणीखाली पडलेली भुकटी पूर्ण टाकून द्या, कारण तीच फटी बुजवते.

कुंडी थंडी सरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बदला. गोल गोल फिरलेली जाड मुळं कापा, पण एकूण मुळांच्या एकतृतीयांशाहून जास्त नाही. जुनी माती एकाच बाजूची काढा. दुसरी बाजू दोन वर्षांनी. ज्युनिपरच्या मुळांशी सहजीवी बुरशी असते, ती जुन्या मातीत उरते आणि नव्या मातीत पसरते. झाड कुंडीला तारेनं घट्ट बांधा. हलत्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात.

पुणे, नाशिक, साताऱ्याच्या कोरड्या हवेत ज्युनिपर बऱ्यापैकी रमतं. कोकण आणि मुंबईत पावसाळा हा त्याचा कसोटीचा काळ. तिथे कुंडी पारदर्शक छपराखाली ठेवा. निदान तिच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. तिरप्या कुंडीत, उभ्या केलेल्या स्पंजासारखं, जास्तीचं पाणी निघून जातं.

९. चार वर्षांचं वेळापत्रक

पहिलं वर्ष : ऑक्टोबरमध्ये झाड आणा, साफ करा, नेबारी उघडी करा, कोळी तपासा. नवी वाढ जोमात असेल तर डिसेंबर-जानेवारीत पहिला हप्ता : एकतृतीयांश छाटणी, एकदोन जिन, मुख्य फांद्यांना तार. वाढ नसेल तर या वर्षी फक्त ऊन आणि पाणी.

दुसरं वर्ष : पावसाळ्यात तार रुतते का पाहत राहा. थंडीत दुसरा हप्ता : वरचा तात्पुरता भाग काढा किंवा त्याचा जिन करा, नवा शेंडा उभा करा, खालच्या फांद्यांना पुन्हा तार लावा.

तिसरं वर्ष : दुसऱ्या हप्त्याला वर्ष झाल्यावर फेब्रुवारीत मुळं आणि दाणेदार माती, पण अजून थोड्या मोठ्या साध्या कुंडीत. या वर्षी छाटणी नाही, फक्त लांब पळालेले कोंब.

चौथं वर्ष : थंडीत बारीक फांद्यांना तार लावून पालवीचे थर रचा. मुळं भरली असतील तर पुढच्या बदलात बोन्सायची कुंडी घ्या. खोली बुंध्याच्या जाडीएवढी, लांबी उंचीच्या दोनतृतीयांश. आपल्या २४ सेंटिमीटरच्या झाडाला १६ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर खोल कुंडी पुरते.

या चार वर्षांत झाडाला हात लावण्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. उरलेला सगळा काळ पाणी घालण्याचा आणि थांबण्याचा. नवख्याला हेच जड जातं, आणि रिकामा हात पुन्हा कात्रीकडे वळतो. यावर एक व्यवहारी तोड आहे. नर्सरीत जाल तेव्हा एक झाड घेऊ नका, तीन घ्या. त्यातलं एक सुरू किंवा बोगनवेल असू द्या. कापण्याची हौस त्याच्यावर भागवा, ते पुन्हा फुटेल.